बाराव्या चालीपासून

रविवार, ८ ऑक्टोबर २००६
हायडेलबर्ग

अण्णांची बारावी चाल आली. प्यादं बी४. माझा घोडा पटाच्या कडेला जाऊन बसला होता, तो आता तिथेच मरणार. परत यायला एक घर मोकळं नाही. घोडा कडेला नेऊ नये हे पहिल्या धड्यात शिकवतात.

मेल नेहमीसारखाच. इंग्रजी अक्षरांतलं मराठी, सगळी अक्षरं मोठी, शब्द मोजून. जन्मभर मिरजेच्या तार ऑफिसात काढलेला माणूस. "१२. बी४. घोड्याचं काय करतेस? सावकाश कळव."

सावकाश कळव म्हणे. सासरे आहेत म्हणून गप्प बसते.

ऑगस्टमध्ये मिरजेला गेलो तेव्हा त्यांनीच हा डाव काढला. अटी तीन. घाई नाही, चाल परत घेणं नाही, कॉम्प्युटर नाही. "डोकं आपापलं," म्हणाले. मी हो म्हटलं. नंतर फाटकापाशी शेजारच्या जोशीकाकांना सांगत होते, सूनबाई जर्मनीत बुद्धिबळातच डॉक्टर होतेय. बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमवर प्रबंध लिहिणं वेगळं आणि खेळणं वेगळं, हे तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. ऐकायला बरं वाटलं.

आणि आता डॉक्टरीणबाईंचा घोडा बाराव्या चालीला जातोय. कॉलेजात असताना आंतरविभागीय पातळीपर्यंत खेळले होते, त्याला आता सहा वर्षं झाली. एवढंच काय ते भांडवल.


मंगळवार, १० ऑक्टोबर

ब्यूरोत, म्हणजे विद्यापीठातल्या आमच्या खोलीत, दिवसभर चाचण्या. तीन इंजिनं, म्हणजे बुद्धिबळ खेळणारे तीन प्रोग्रॅम, एकत्र बसवायचं काम शेवटी नीट चालू झालं. खरी नावं प्रबंधात आहेत, इथे थोरलं, मधलं, धाकटं. थोरलं सावध, प्यादी जिवापाड जपतं. मधल्याला उठसूट हल्ला करायचा असतो. धाकटं सगळ्यांत वेगानं मोजतं, धीर मात्र नाही. तिघांपुढे एकच पट ठेवायचा, तिघांनी चाल सुचवायची. दोघांचं जमलं तर ती चाल. तिघं तीन दिशांना गेले तर माझा पंच निवाडा करतो. हा पंच मी लिहिलेला, तोच माझा प्रबंध. माझे मार्गदर्शक प्रो. या सगळ्याला 'राट' म्हणतात, म्हणजे मंडळ. मीही मंडळच म्हणते.

चाचणीला एक नवाकोरा पट हवा होता. अण्णांचा घातला. नुसता बघायला.

थोरलं आणि धाकटं, दोघांची एकच चाल: घोडा मरू दे, पटाच्या मध्यावरचं प्यादं पुढे ढकल. मला सात जन्मांत सुचली नसती. पुढच्या पाच चाली बघितल्या तर घोडा खाणाऱ्यालाच तो परत द्यावा लागतो, वर एक प्यादं जातं.

माझ्याबरोबर काम करणारा येन्स शेजारच्या टेबलावरून म्हणाला, कुणाचा डाव? म्हटलं, कुणाचा नाही, असाच.

घरी येऊन चाल पाठवली. डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजरीसारखी. ही एकच. यापुढे आपलं आपण.


शनिवार, २१ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन

सुहास काल त्याच्या नोकरीच्या गावाहून, उंटरश्लाइसहाइमहून आला. नवरा सणाला घरी, पण गाडी मानहाइमला चुकली म्हणून चिडलेला. चकल्या मोडल्या, पण चवीला ठीक. पूजा झाल्यावर मिरजेला फोन.

आधी आई. म्हणाल्या, "पोस्टकार्डावर चाली पाठवून खेळणारे यांचे सोबती एकेक करून संपले, तसा यांनी पट माळ्यावर टाकला होता. आता दुपारी आडवे होत नाहीत. पट मांडून बसतात. बरं केलंस हो."

मग अण्णा. सुहासशी तीन वाक्यं: थंडी आहे का, ऑफिस कसं, जप. मग मला बोलावलं. घोडा खाल्ला तेव्हा हिला म्हटलं, संपला डाव, असं सांगत होते. मग तीन दिवस बघत बसले आणि कळलं की काय करून ठेवलंय.

"ती बारावी चाल तुला कशी सुचली?"

"सहज सुचली, अण्णा."

हसले. फोनवर अण्णांना हसताना पहिल्यांदा ऐकलं. सुहासही बघायला लागला. मी पुढ्यातली चकली खात राहिले.

एकच चाल, असं मी म्हटलं होतं. तेरावी, चौदावी, पंधरावीही मंडळाची. अशा चाली मध्येच सोडता येत नाहीत, पुढचं समजलेलं नसतं. ही सबब नाही. हीसुद्धा सबबच आहे.


मंगळवार, ७ नोव्हेंबर

आता ठरूनच गेलं. अण्णांची चाल आली की सकाळी ब्यूरोत मंडळापुढे ठेवायची, चहा आणायचा, उत्तर घ्यायचं, संध्याकाळी घरून पाठवायचं. लगेच पाठवत नाही. विचार करतेय असं वाटायला हवं ना. काय हुशारी!

प्रो. आज लॉग, म्हणजे मंडळाच्या चालींची नोंद, चाळत होते. मंडळ एका डावात कुणाशी तरी खरंच खेळतंय हे त्यांच्या लक्षात आलं. समोरचा माणूस आहे का? हो. कसा खेळतो? चाळीस वर्षं टपालानं खेळलेला. प्रो. खूश. यंत्रांशी यंत्रं लढवून आकडे मिळतात, पण दाखवायला माणसाशी खेळलेला एक डाव हवाच, म्हणाले. त्याला माहीत आहे ना, असं काही विचारलं नाही. माहीत असणारच, असं धरून चालले. इथे तसंच धरतात.

जेवताना मेन्सात, विद्यापीठाच्या खाणावळीत, प्रो.ंचा आवडता विषय. दहा वर्षांनी कुणी एक इंजिन घेणार नाही, मंडळ घेतील. एक सुरुवातीला भारी, एक शेवटाला, एक हल्ल्याला, आणि वर एक शहाणा पंच. येन्सचं मत उलटं: मशीन दुप्पट वेगाचं झालं की एकटं इंजिन तुमच्या सगळ्या मंडळाला खाईल. दोघांचं रोजचं आहे. मी सूप पीत होते. मला आज भविष्याचं काही पडलं नव्हतं.


शनिवार, १८ नोव्हेंबर

सुहास कांदा चिरताना म्हणाला, "अण्णा माझ्याशी कधी इतके बोलले नाहीत."

रागानं नाही म्हणाला. त्यालाही लहानपणी शिकवायला बसवलं होतं, तेराव्या वर्षी त्यानं पट मिटवला आणि त्यानंतर दोघांत बोलायला विषयच उरला नाही. आता आठवड्याला फोन होतो तर अण्णा त्याला विचारतात, मृणालनं पुढचा बेत काही सांगितला का? आणि हा गडी, ज्याला किल्लेकोट करताना हत्ती कुठे जातो ते आठवत नाही, त्यांना विचारतो, तुमचं काय चाललंय? तेवढ्यावर पाच मिनिटं जातात.

"तुझ्यामुळे," म्हणाला. माझ्यामुळे! मान खाली घालून मिरच्या चिरल्या.

सांगायला तोंड उघडलं होतं. तो इतका खूश होता की मिटलं.


रविवार, ३ डिसेंबर

अण्णांचा मेल. पहिल्यांदाच लांबलचक. जसाच्या तसा उतरवते:

"२४ वी चाल मिळाली. डावाबद्दल नंतर लिहितो. २१ आणि २२ ला तू माझ्या राजावर चाल करून आलीस. मी तयारीला लागलो. २३ ला सगळं सोडून दुसऱ्या टोकाला प्यादं हलवलंस. २४ ला पुन्हा राजाकडे. एका स्वयंपाकघरात दोन बाया असल्या की एक मीठ घालते, दुसरीही घालते, तसं झालंय. तू अशी खेळत नव्हतीस. मन थाऱ्यावर नाही का? तिकडे एकटी असतेस. सुहासचं आणि तुझं बरं आहे ना? डावाची घाई नाही."

तीनदा वाचला.

बरं आहे हो अण्णा. आमचं बरं आहे. थोरल्याचं आणि मधल्याचं बिनसलंय.

आधी हसू आलं, मग एकदम रडू. घरमालकीणबाई नेमक्या बिस्किटांची बशी घेऊन दारात. त्यांना म्हटलं सर्दी आहे. एक खोटं निभावायला किती लागतात देव जाणे.


मंगळवार, ५ डिसेंबर

लॉग काढून बघितला. अण्णांचं अक्षर न् अक्षर बरोबर. एकविसावी आणि बाविसावी मधल्याची, धाकट्यानं त्याला दुजोरा दिलेला. तेविसाव्या चालीला धाकटं फिरलं, थोरल्याला जाऊन मिळालं. चोविसाव्या चालीला परत मधल्याकडे. प्रत्येक चाल सुटी बघितली तर चांगली. एकत्र बघितलं तर घर नाही, धर्मशाळा.

दीड वर्ष मी आकडे बघतेय. मंडळ जितकं जिंकायला हवं तितकं जिंकत का नाही, ते मला सापडत नव्हतं. मिरजेत एका माणसानं चार चालींत सांगितलं, तेही माझ्या काळजीपोटी.

दुपारी बसून लिहिलं. ज्याचा बेत सुरू झाला त्याच्याच हाती पुढच्या चार चाली सूत्रं. बाकीच्या दोघांनी आरडाओरडा केला, म्हणजे मोठं नुकसान दिसत असलं, तरच काढून घ्यायची. चाळीसच ओळी. चाचण्यांना लावलं.

अण्णांना उत्तर: "मन थाऱ्यावर आहे, काळजी करू नका. कामाचा थोडा ताण होता." ताण. बरा शब्द आहे, काहीही झाकतो.


शनिवार, ९ डिसेंबर

अण्णांनी सुहासला ऑफिसात फोन केला होता. ऑफिसात! जन्मात कधी केला नव्हता. विचारलं, तुमच्यात काही आहे का. हा घाबरून पहाटेच्या गाडीनं आला, दारातच विचारलं, "तू अण्णांना काय सांगितलंस?"

सगळं सांगितलं. चहा होईपर्यंत उभ्याउभ्याच. घोडा, बारावी चाल, मंडळ, चहाचे कप, संध्याकाळी पाठवणं, सगळं.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. बूटसुद्धा काढले नव्हते, तसाच खुर्चीवर बसला. मग साताऱ्याच्या वकिलाची गोष्ट सांगितली. मला माहीत नव्हती. अण्णा त्याच्याशी अकरा वर्षं कार्डावर खेळत होते. एकदा कळलं की एक अख्खा डाव त्यानं दुसऱ्या एका चांगल्या खेळाडूला विचारून विचारून खेळलाय. भांडण नाही, पत्र नाही. पुढचं कार्ड गेलंच नाही. वकिलानं सहा पत्रं टाकली. सुहासच्या मुंजीला बोलावणं नाही. शेवटी वकील गेल्याचं पेपरात वाचलं, तेव्हा अण्णा दिवसभर जेवले नाहीत, पण पट काढला नाही.

"सांगू नकोस," सुहास म्हणाला. "हर. चारदोन वाईट चाली कर, हर, आणि संपव."

यालाही हेच सुचलं. मलाही हेच सुचलं होतं. नवराबायको शोभतो.


सोमवार, ११ डिसेंबर

मुद्दाम हरायची चाल शोधत बसले तासभर. शोधणार कशी? मंडळाला विचारून. तिथे हात थांबला.

सकाळी चाचण्यांचे आकडे आले होते. सूत्रं चार चाली एकाच्या हाती ठेवली तर मंडळ तिघांपैकी प्रत्येकाला हरवतं, आणि ठळक फरकानं. प्रो. माझ्या टेबलापाशी आले, चष्मा कपाळावर, कागद दोनदा वाचले. मग म्हणाले, आल्झो, म्हणजे चला तर, हेच तर हवं होतं. मार्चच्या परिषदेला हाच लेख. येन्ससुद्धा उठून बघायला आला.

प्रो. म्हणाले, "ही कल्पना तुला कशी सुचली?"

इथेही तोच प्रश्न. आणि माझं तोंडही तेच.

"डाव बघताना सुचली."

गेनाऊ, अगदी बरोबर, म्हणाले, डाव बघायलाच हवेत. पाठीवर थाप मारून गेले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मीच. आधी खेळताना त्यांना फसवलं, आता त्यांचं डोकंही माझ्या नावावर केलं.


बुधवार, २० डिसेंबर

मिरजेहून पार्सल. मेतकूट, डिंकाचे लाडू, सांडगे, आणि कापडात शिवलेली एक डबी: लसणीची चटणी. कस्टमवाल्यांनी ती उघडून परत चिकटवलेली, त्यांची कीव आली.

आईंची चिठ्ठी. "हे म्हणतात पोरीला तिकडे ताण आहे, पाठवून दे काहीतरी. लाडूंना डिंक यांनी स्वतः निवडला. खाऊन घे. सुहासला सांग, बायकोकडे लक्ष दे."

सुहासला फोनवर वाचून दाखवली. तो म्हणाला, "लक्ष देतो."

एक लाडू खाल्ला. बाकीचे डब्यात भरून झाकण घट्ट लावलं.


मंगळवार, ९ जानेवारी २००७

लेखाचा आराखडा. प्रो.ंना उदाहरण म्हणून अण्णांचाच डाव हवाय, एकविसाव्या चालीपासूनचा गोंधळ आणि सव्विसाव्यापासून सुधारलेलं मंडळ. एक डाव म्हणजे पुरावा नव्हे, पण वाचणाऱ्याला दोन मिनिटांत कळेल, म्हणाले. आता अण्णा हरत चाललेत. मागच्या मेलात लिहिलं होतं, "तुझं मन थाऱ्यावर आलं. डावावरून कळतं. आनंद आहे." एकतिसावी चाल आता त्यांची आहे.

मग प्रो.ंनी एक कागद पुढे केला. आइनफरश्टेंडनिसएर्क्लेरुंग. संमतिपत्र. समोरच्या खेळाडूनं सही करायची: हा डाव संशोधनासाठी खेळला गेला हे मला माहीत आहे, तो छापायला माझी हरकत आहे किंवा नाही. खाली शेऱ्यासाठी चार ओळी. सहीशिवाय डाव छापता येणार नाही.

सुहास फोनवर म्हणाला, अण्णा तू पाठवशील त्यावर सही करतील, वाचणारही नाहीत. हे तो मला सुचवत होता की सावध करत होता, कळलं नाही. पण खरं आहे. करतील. हा कागद अजून पाठवला नाही याचं कारण एवढंच की तो पाठवणं किती सोपं आहे ते मला दिसतंय.


शुक्रवार, १२ जानेवारी

प्रो.ंना सांगितलं, समोरचे गृहस्थ वयस्क आहेत, सही मिळणार नाही. शाडं, म्हणजे वाईट झालं, म्हणाले, हरकत नाही, डाव गाळू. आकडे पुरेसे आहेत. कल्पना तर तुझीच आहे.

संपलं. कुणाला काही कळायची गरज उरली नाही. डाव पुढच्या महिन्यात मी जिंकेन, अण्णा जोशीकाकांना सांगतील, लेख माझ्या नावानं छापला जाईल. सगळे खूश.

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. ट्राममध्ये उभी राहून हेच म्हणत होते, सुटलीस बाई, आणि उतरायचं विसरून दोन थांबे पुढे गेले.

येन्सला सांगून टाकलं. त्याला वाईट एवढंच वाटलं की मी उदाहरण गमावलं. "सांग ना त्याला सरळ." माझे सासरे आहेत म्हटलं. "मग? ऐकू येत नाही का त्यांना?"


रविवार, १४ जानेवारी

सकाळपासून मेल लिहिला. सात वेळा. पहिल्यात खूप स्पष्टीकरण होतं, दुसऱ्यात खूप माफी, तिसऱ्यात इंजिनं कशी चालतात त्यावर दोन परिच्छेद, जणू परीक्षाच. शेवटी अण्णांसारखाच लिहिला, शब्द मोजून.

"अण्णा, मी तुम्हाला खोटं सांगितलं. या डावातल्या चाली माझ्या नाहीत. तीन इंजिनं आणि त्यांच्यावर मी लिहिलेला एक प्रोग्रॅम, त्यांच्या आहेत. माझ्या खेळात दोन माणसं आहेत असं तुम्ही लिहिलंत ते खरं होतं. त्यावरून मी प्रोग्रॅम सुधारला आणि ती कल्पना माझी म्हणून सांगितली. ती तुमची आहे, तुमचं नाव लेखात यायला हवं. सोबत कागद जोडला आहे. नाही म्हणालात तर डाव कुठेही छापणार नाही. सुहासचं आणि माझं बरं आहे. मृणाल."

सुहासला आधी विचारलं नाही. पाठवल्यावर सांगितलं. म्हणाला, "आता फोन उचलतील की नाही देव जाणे." स्वतःसाठीही म्हणत होता. तीन वाक्यांवरून पाच मिनिटांवर आलेली गाडी मी बंद पाडली असेन तर त्याचीही गुन्हेगार मीच.


मंगळवार, १६ जानेवारी

उत्तर आलं. ब्यूरोत उघडलं, उभीच होते.

"कितव्या चालीपासून?"

एवढंच.


बुधवार, १७ जानेवारी

"बाराव्या" असं लिहून पाठवलं. एक शब्द लिहायला अख्खी रात्र गेली असं म्हणणार होते, पण झोप लागली होती, खरं तर. खूप दिवसांनी लागली.

प्रो.ंनाही सांगितलं. सगळं. चष्मा पुसत ऐकलं. माणसाला न सांगता त्याच्यावर प्रयोग केलास, म्हणाले. आवाज चढला नाही. कल्पना कुणाची ते लिहिल्याशिवाय लेख जाणार नाही, आणि त्या माणसाचं उत्तर आल्याशिवाय नाव घालता येणार नाही. लेख द्यायची मुदत नऊ फेब्रुवारी. "तू चांगली संशोधक आहेस असं मला वाटत होतं," म्हणाले. होतं.


शुक्रवार, २६ जानेवारी

नऊ दिवस. मेल नाही.

काल सुहासनं घरी फोन केला. आईंनी उचलला. हे फिरायला गेलेत म्हणाल्या. दुपारी दोनला फिरायला! पट? पट मांडलेलाच आहे, पुसू देत नाहीत. पण त्यापुढे बसत नाहीत, खुर्ची खिडकीकडे फिरवलीय. आई विचारत होत्या, डाव संपला का रे? हा म्हणाला, माहीत नाही.

साताऱ्याच्या वकिलानं सहा पत्रं टाकली होती. मी अजून दुसरं टाकलेलं नाही. टाकू नये असं वाटतं. त्यांना काय वाटतं ते विचारण्याचा हक्कही मीच घालवला.


शनिवार, ३ फेब्रुवारी

टपालात पाकीट. अण्णांचं अक्षर आजवर पाहिलंच नव्हतं, नेहमी ती मोठी इंग्रजी अक्षरं. बारीक, सरळ, एकही खाडाखोड नाही.

संमतिपत्र. कुठल्याशा दुकानातून छापून घेतलेलं, कडेला काळा पट्टा. नाव, पत्ता, तारीख, सही. हरकत आहे आणि हरकत नाही, दोन्ही चौकोन रिकामे. शेऱ्याच्या चार ओळींत:

"चाल १ ते ११ छापण्यास हरकत नाही. त्या चि. सौ. मृणालशी खेळलो. ती हरत होती, पण खेळत होती. चाल १२ पासून मी कुणाशी खेळलो ते कळल्याशिवाय पुढच्या चौकोनात काही लिहिता येत नाही. कळवावे."

स्वयंपाकघरात उभी राहून वाचलं. सुहास या आठवड्याला यायचा नाही, काम आहे. त्याला फोनवर वाचून दाखवलं. "कळवावे म्हणालेत?" त्यानं दोनदा विचारलं. वकिलाला तेही म्हणाले नव्हते.

पण काय कळवू? कागद घेऊन लिहायला बसले. बारावी थोरल्याची, धाकट्याची साथ. एकविसावी मधल्याची. पंच माझा. सव्विसाव्या चालीपासून पंचाला जी अक्कल आली ती अण्णांची, म्हणजे तेव्हापासून ते थोडे स्वतःशीच खेळत होते, हे त्यांना सांगायचं का? लॉगमध्ये सगळं आहे, कुणी किती मतं दिली, कुठे कोण फिरलं. पाच पानं छापून पाठवता येतील. प्रो. म्हणतात दहा वर्षांनी सगळे असेच खेळतील, तेव्हा हा प्रश्न कुणाला पडणारही नाही. अण्णांना आज पडलाय आणि त्यांचा चौकोन रिकामा आहे.

पाच पानं नाहीत पाठवायची. चाली इंजिनांच्या होत्या, मान्य. "सहज सुचली, अण्णा" असं म्हणणारं इंजिन नव्हतं. डिंकाचा लाडू खाणारंही नव्हतं. संध्याकाळपर्यंत थांबून, विचार केल्यासारखं दाखवून, मग बटण दाबणारी मीच होते. त्यांच्या समोर मीच बसले होते, पहिल्यापासून. हे लिहिलं तर सारवासारव वाटेल. तोंडानंच सांगायला हवं, आणि मग ते जे म्हणतील ते ऐकायला हवं. ठेवून दिला फोन तर तेही.

इथे अकरा वाजून पाच मिनिटं. तिकडे साडेतीन वाजून गेले. चारला चहा होतो. आई फोन उचलतील. आहेत का विचारेन. फिरायला गेलेत म्हणाल्या तर परत येईपर्यंत थांबते म्हणेन, फोन ठेवणार नाही.

अजून पंचवीस मिनिटं आहेत.